‘द क्रूसिबल’ बसवताना: कोण कोणाचं नाव घेतं ते बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुमच्या हौशी गटाने आर्थर मिलर यांचं सेलमच्या चेटूक-खटल्यांवरचं नाटक ‘द क्रूसिबल’ मराठीत करायचं ठरवलंय. दोन वाचनं झालीत आणि गटात दोन तट पडलेत. काहींना चेटुकाचे आरोप करणारी ॲबिगेल खलनायिका वाटते, काहींना परिस्थितीची बळी. घरातल्याच मोलकरणीशी, म्हणजे ॲबिगेलशी, संबंध ठेवलेला जॉन प्रॉक्टर नायक कसा, असं एका नटाने विचारलंय. नाटक जर १९५०च्या दशकातल्या अमेरिकी राजकारणावर असेल तर आपल्या प्रेक्षकाला त्याचं काय, ही तिसरी शंका. आणि त्यावर उपाय म्हणून सगळं उचलून नंदुरबारकडच्या एखाद्या पाड्यावर न्यावं, डाकीण प्रथेवर नाटक करावं, असं कुणीतरी सुचवलंय.

हे नाटक मी दोनदा बसवलंय. एकदा महाविद्यालयातल्या मुलांना घेऊन आणि नंतर बऱ्याच वर्षांनी नोकरदार मंडळींच्या गटाबरोबर. पहिल्या खेपेला आम्हीही खलनायकच शोधत होतो. प्रयोग मुलींच्या किंकाळ्यांत वाहून गेला. लोक घाबरले, टाळ्याही वाजल्या, पण शेवटच्या अंकात प्रॉक्टर कागद का फाडतो हे बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना नीट सांगता येत नव्हतं. तेव्हापासून मला खात्री आहे की तुमचे चारही प्रश्न एकाच गाठीतून आलेत. तुम्ही वाईट माणूस शोधताय. नाटक मात्र एका नियमावर उभं आहे, आणि तो नियम पकडला की माणसं आपोआप जागेवर बसतात.

तो नियम असा. १६९२ साल, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं सेलम. चेटुकाचा आरोप आला की कबूल करणारा वाचतो आणि नाकारणारा फासावर जातो. शिवाय नुसतं कबूल करून भागत नाही. सैतानाबरोबर आणखी कोण दिसलं त्यांची नावं द्यावी लागतात, तरच कबुली खरी. म्हणजे खोटं बोललं की जीव वाचतो आणि खरं बोललं की जातो, आणि हे सगळं देवाच्या नावाने चालतं. म्हणून माझ्या तालमीत प्रत्येक नटाला मी एकच प्रश्न देते: तुझ्याकडे नाव मागितलं तेव्हा तू काय केलंस?

आपली भाषा इथे फार कामाला येते. आपण कोणाचं नाव घेतो, नाव ठेवतो, नाव काढतो, नाव घालवतो. जमीन नावावर होते. मूळ इंग्रजी संहितेतही ‘नाव’ हा शब्द पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत येत राहतो, पण मराठीत तो जास्त घरचा होतो. अनुवाद करताना जिथे जिथे तो शब्द आहे तिथे ‘प्रतिष्ठा’, ‘लौकिक’, ‘अब्रू’ असे पर्याय घालून सजावट करू नका. ‘नाव’च ठेवा. चौथ्या अंकात प्रॉक्टर ते मागतो तेव्हा प्रेक्षकाच्या कानात तो शब्द तीस वेळा पडून गेलेला असला पाहिजे.

टिटुबापासून सुरुवात करा. ती पाद्री पॅरिस यांची बार्बाडोसहून आणलेली गुलाम. पहिल्या अंकाच्या शेवटी एकजण तिला फाशी द्यायला निघालाय, तिचा मालक चाबकाने मारून टाकायची धमकी देतोय. मग ती कबूल करते. सैतानाबरोबर कोण होतं हे तिला सुचत नाही, तेव्हा गावातला धनाढ्य जमीनदार पटनम स्वतःच दोन बायकांची नावं तिच्यापुढे टाकतो. हा क्षण घाईत जाऊ देऊ नका. नावं साक्षीदाराच्या तोंडून निघालेली नाहीत, विचारणाऱ्याने तोंडात घातली आहेत. आणि याच खोट्या कबुलीत टिटुबाचं एक खरं बाहेर पडतं: सैतान मला सांगतो की पॅरिसला मार, तो भला माणूस नाही. गुलाम बाईला मालकाविषयीचा राग जाहीर बोलायला मिळालेली ही एकमेव जागा. आमच्या दुसऱ्या प्रयोगात टिटुबा करणाऱ्या मुलीने हे वाक्य अगदी हळू, जवळजवळ गोड आवाजात म्हटलं आणि पॅरिस करणारा नट नकळत एक पाऊल मागे सरला. मी ते ब्लॉकिंगमध्ये, म्हणजे रंगमंचावरच्या हालचालींच्या आराखड्यात, कायम केलं.

आता ॲबिगेल. ती सतरा वर्षांची, अनाथ. शेजारच्या उशीवर आईबापांची डोकी फोडली जाताना तिने पाहिलीत. मामा पॅरिसच्या घरी आश्रित, प्रॉक्टरच्या घरून काढून टाकलेली मोलकरीण. पहिल्याच प्रसंगात पॅरिस तिला विचारतो की गावात तुझं नाव स्वच्छ आहे ना, आणि ती फणकारते. तिच्याकडे गमावण्यासारखं तेवढंच आहे. टिटुबाची कबुली ऐकताना तिला दिसतं की दुसऱ्याचं नाव घेतलं की आपलं धुऊन निघतं. ती तिथेच शिकते, आपल्या डोळ्यांसमोर शिकते. तेव्हा ती बळी की खलनायिका हा वाद मिटवायची गरज नाही. जिला आजवर कोणी विचारलं नव्हतं तिच्या एका बोटावर माणसं तुरुंगात जाऊ लागतात. त्या नशेचा अभिनय करायला सांगा. प्रॉक्टरकडची आताची मोलकरीण मेरी वॉरेन हीच गोष्ट दुसऱ्या अंकात उघड बोलते. मालक चाबूक उगारतो तर ही काल-परवाची पोर म्हणते की मी कोर्टाची माणूस आहे, यापुढे मार खाणार नाही.

एक गोष्ट गटाला नक्की सांगा. ॲबिगेल आणि प्रॉक्टर यांचे संबंध मिलरनी रचलेले आहेत. इतिहासातली ॲबिगेल विल्यम्स अकरा-बारा वर्षांची होती आणि जॉन प्रॉक्टर साठीचा, खानावळ चालवणारा. मुलीचं वय वाढवल्याचं मिलर संहितेच्या सुरुवातीच्या टिपणीत स्वतःच सांगतात. हे माहीत असलं की ‘एका झिडकारलेल्या मुलीने सूड घेतला आणि गाव बुडालं’ असा सोपा अर्थ लावायची इच्छा कमी होते. खऱ्या सेलममध्ये असा कुठलाही प्रेमभंग नसताना एकोणीस जणांना फाशी झाली, एकाला दगडांखाली चिरडलं आणि दीडशेहून जास्त लोकांवर आरोप झाले. आणि नाटकातही चौथ्या अंकात ॲबिगेल मामाच्या पेटीतले एकतीस पौंड घेऊन पळून गेलेली असते. मुख्य साक्षीदार पळाल्याचं न्यायाधीशाला कळतं, तरी फाशी थांबत नाही. ती खलनायिका असती तर ती गेल्यावर नाटक संपायला हवं होतं.

जमिनीचा धागा अनेक गट कापतात, वेळ वाचवायला. कापू नका. म्हातारा जाइल्स कोरी आरोप करतो की पटनमने मुलीकरवी शेजाऱ्याचं नाव घेतलं, कारण शेजारी फासावर गेला की जमीन जप्त होणार आणि ती विकत घ्यायची ऐपत पटनमचीच आहे. हे तुला कुणी सांगितलं, त्याचं नाव सांग, असं कोर्ट म्हणतं. जाइल्स सांगत नाही, कारण सांगितलं की तो माणूस आत. पुढे तो आरोपाला हो किंवा नाही काहीच म्हणत नाही, म्हणजे खटलाच उभा राहत नाही आणि जमीन मुलांना मिळते. त्याच्या छातीवर दगड रचत जातात आणि तो आणखी वजन मागतो. बांधावरून कोर्टकचेऱ्या पाहिलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे समजावून द्यावं लागत नाही. आमच्या प्रयोगाला इथे सभागृहात इतकी शांतता असायची की पंख्याचा आवाज यायचा.

तिसऱ्या अंकातच फ्रान्सिस नर्स, अटकेतल्या रिबेकाचा नवरा, एक अर्ज आणतो. एक्याण्णव लोकांनी सह्या करून सांगितलंय की आमच्या या बायका सज्जन आहेत. कोर्ट अर्ज मानत नाही, सह्या करणाऱ्यांना चौकशीला बोलावतं. फ्रान्सिसने त्यांना शब्द दिलेला असतो की तुम्हाला काही होणार नाही. या नटाला संवाद फार नाहीत, पण तुमच्यातला सगळ्यात भरवशाचा माणूस तिथे उभा करा.

प्रॉक्टर आणि त्याची बायको एलिझाबेथ यांच्यावर मात्र वेळ घालवा, जितका आहे तितका. दुसरा अंक सुरू होतो तेव्हा प्रॉक्टर शेतातून येतो, चुलीवरच्या सशाच्या रश्श्याची चव बघतो, त्याला तो अळणी लागतो आणि तो मीठ घालतो. एलिझाबेथ तेव्हा तिथे नसते. मग ती वाढते आणि तो म्हणतो, छान झालाय, मीठ-मसाला नेमका पडलाय. ती सुखावते. या एका कृतीत ॲबिगेलला घरातून काढल्यानंतरचा सात महिन्यांचा संसार आहे. तो तिला खूश करायला धडपडतोय, त्यासाठी बारीकसं खोटं बोलतोय आणि तिला ते माहीत नाही. पहिल्या खेपेला आमच्या नटाने मीठ टाकून प्रेक्षकांकडे बघितलं आणि हशा घेतला. दुसऱ्या खेपेला मी सांगितलं, मीठ टाक, ढवळ, डाव पुसून ठेव, दरवाजाकडे कान दे, बस. हशा गेला आणि त्या जागी पोटात कालवणारं काहीतरी आलं. पुढे तिसऱ्या अंकात एलिझाबेथ त्याच्यासाठी खोटं बोलते तेव्हा या मिठाची परतफेड होते.

तो प्रसंग सगळ्या नाटकाचा कणा आहे, म्हणून सविस्तर सांगते. मेरीची साक्ष कोसळायला लागल्यावर प्रॉक्टर भर कोर्टात व्यभिचार कबूल करतो, ॲबिगेलचा हेतू सिद्ध व्हावा म्हणून. त्याने आधीच सांगितलंय की माझी बायको कधी खोटं बोलत नाही. न्यायाधीश डॅनफर्थ एलिझाबेथला बोलावतो, प्रॉक्टर आणि ॲबिगेल दोघांना पाठ फिरवायला लावतो, तिला फक्त माझ्याकडे बघ म्हणतो आणि विचारतो, तुझा नवरा व्यभिचारी आहे का? त्याने कबूल केलंय हे तिला माहीत नाही. त्याचं नाव वाचवायला ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलते: नाही. आता नीट बघा काय झालं. या कोर्टाने आजवरच्या सगळ्या खोट्या कबुल्या खऱ्या धरल्या आणि एकुलती एक खरी कबुली फेटाळली. नटीला रडायला, थरथरायला देऊ नका. तिला फक्त नवऱ्याकडे वळून बघायची इच्छा होऊ दे आणि वळता येऊ नये. आम्ही तिच्या उत्तराआधी दहा सेकंदांचा पॉझ ठेवला होता. तालमीत तो फार लांब वाटायचा, प्रयोगात कधीच वाटला नाही.

इथेच अनुवादातली एक अडचण येते. आम्ही आधी एलिझाबेथच्या तोंडी ‘अहो’ घातलं होतं, घरगुती वाटावं म्हणून. पाचव्या दिवशी काढलं. ‘अहो’ म्हणणारी एलिझाबेथ सोसणारी बायको होते. मूळातली एलिझाबेथ सोसते खरी, पण ती नवऱ्याला न्यायाधीशासारखी तोलतही असते. ती ‘जॉन’ म्हणते तेव्हा त्यात माया आणि हिशोब दोन्ही असतात. बायबलच्या दहापैकी नऊ आज्ञा पाठ म्हणणारा प्रॉक्टर उरलेली एक विसरतो आणि ती फक्त आठवण करून देते, ‘व्यभिचार, जॉन.’ तिथे ‘अहो’ घालून बघा, प्रसंग कोसळतो.

तुमच्या नटाचा प्रश्न रास्त आहे: असा माणूस नायक कसा? प्रॉक्टरलाही तेच वाटतं, आणि चौथा अंक त्यावरच उभा आहे. रिबेका नर्ससारखी सत्तरी ओलांडलेली निष्पाप बाई फासावर जाते ते तिच्या लायकीचं आहे, पण मी त्या शिडीवर चढलो तर ते ढोंग होईल, मी तसला माणूस नाही, असं तो एलिझाबेथला सांगतो. म्हणून खोटी कबुली द्यायला तो तयार होतो. आधीच नासलेलं आणखी काय नासणार? मग एलिझाबेथ तिची चूक सांगते, की मी स्वतःला इतकी कुरूप समजत होते की माझ्यावर कोणी खरं प्रेम करेल यावर माझा विश्वासच बसला नाही. कोणी न मागितलेली, कुठल्या कागदावर न लिहिलेली कबुली. त्यानंतर तो सही करतो, पण दुसऱ्यांची नावं द्यायला नकार देतो. आणि तो कागद चर्चच्या दारावर ठोकणार हे कळल्यावर हिसकावून घेतो. माझा आत्मा घेतलात, नाव तरी ठेवा. ‘क्रूसिबल’ म्हणजे सोनाराची मूस. तिच्यात घातलेल्या धातूतला मळ वेगळा होतो. प्रॉक्टर निष्कलंक असता तर मुशीची गरजच नव्हती.

हेल आणि डॅनफर्थ यांच्याबद्दल थोडक्यात. चेटूक ओळखायला बोलावलेल्या पाद्री हेलला बावळट करू नका. तो जाडजूड पुस्तकं घेऊन येणारा, हुशार आणि प्रामाणिक माणूस आहे, म्हणून त्याचं कोसळणं महत्त्वाचं. शेवटी तोच तुरुंगात येऊन लोकांना खोटं बोला पण जगा म्हणून विनवतो. डॅनफर्थचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे: चेटूक हा न दिसणारा गुन्हा, साक्षीदार दोघंच, चेटकीण आणि तिची शिकार, चेटकीण स्वतःवर आरोप करणार नाही, म्हणून शिकारीचं मानायचं. आणि चौथ्या अंकात तो म्हणतो की बारा जण फासावर गेल्यावर आता थांबलो तर त्यांचं काय? मिलरनी पुढे लिहिलं की डॅनफर्थचा दुष्टपणा आपण सौम्य करायला नको होता. दिग्दर्शक म्हणून मला ते पटत नाही. नीट झोप लागणारा डॅनफर्थ ओठ आवळून बोलणाऱ्या डॅनफर्थपेक्षा जास्त भीतिदायक असतो. मी तो एका मृदू आवाजाच्या, सेवानिवृत्त बँक अधिकाऱ्याला दिला होता.

राजकारणाचं म्हणाल तर आधी एक गल्लत दूर करा. कम्युनिस्टांच्या मागे लागलेले मॅकार्थी हे सिनेटर होते. लेखक-कलाकारांना बोलावून कम्युनिस्ट साथीदारांची नावं मागत होती ती प्रतिनिधीगृहाची समिती. मिलरची आधीची नाटकं बसवणारे दिग्दर्शक एलिया कझान यांनी १९५२ मध्ये त्या समितीपुढे जुन्या सहकाऱ्यांची नावं घेतली. त्याच वर्षी मिलर सेलमला जाऊन खटल्यांची कागदपत्रं वाचत होते. नाटक जानेवारी १९५३ मध्ये ब्रॉडवेवर आलं. १९५६ मध्ये समितीने खुद्द मिलरना बोलावलं, त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं आणि इतरांची नावं द्यायला नकार दिला. १९५७ मध्ये अवमानाबद्दल ते दोषी ठरले आणि १९५८ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला. प्रॉक्टरचं वाक्य त्यांनी आधी लिहिलं आणि मग स्वतः जगलं. हे माहितीपत्रकात चार ओळींत द्या, रंगमंचावर त्याची एकही खूण नको. बायकोला वाचवायला भर कोर्टात आपलं पाप सांगणारा माणूस समजायला प्रेक्षकाला अमेरिकेचा इतिहास लागत नाही.

आता नंदुरबार. तुमचा हेतू मला मनापासून कळतो. सातपुड्याच्या भागात बाईला डाकीण ठरवून मारहाण करणं, गावाबाहेर काढणं हे आपल्याच राज्यात घडलेलं आहे, आणि त्यावर नाटक व्हायलाच हवं. पण ते हे नाटक नव्हे. सेलममध्ये चेटूक हा राज्याचा कायदा मानत असलेला गुन्हा होता. न्यायाधीश, वॉरंट, साखळदंड सगळं सरकारी. आपल्याकडे कायदा उलट्या बाजूला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. पाड्यावर तुम्ही डॅनफर्थ कुठून आणणार? भगताला त्याच्या जागी बसवलंत तर सुशिक्षित प्रेक्षक खुर्चीत आरामात मागे टेकेल, की हे अडाणी लोकांचं आहे. सेलमचं कोर्ट शिकलेल्या माणसांचं होतं, म्हणून ते त्याच्या अंगावर येतं. शिवाय कबूल केलं की सुटका हा नियम तिकडे लागू पडत नाही, आणि तो गेला की प्रॉक्टरपुढे निवडच उरत नाही. तेव्हा सेलम सेलमच ठेवा. साधे कपडे, साधी लाकडी बाकं, बोली मात्र तुमच्या तोंडातली असू दे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. वीसच्या आसपास पात्रं आहेत. माणसं कमी असतील तर गावकरी एकत्र करता येतील, पण मुलींची संख्या चारच्या खाली नेऊ नका, तिसऱ्या अंकात पिवळा पक्षी दिसल्याचा कल्लोळ दोघींनी होत नाही. जंगलातला प्रॉक्टर-ॲबिगेल प्रसंग छापील प्रतीत परिशिष्टात मिळतो. मी तो दोन्ही वेळा वगळला, कारण त्यात ॲबिगेल भ्रमिष्ट वाटते आणि तिची हुशारी जाते. तुमची नटी ताकदीची असेल तर वेगळा निर्णय घ्या. मिलर २००५ साली गेले, म्हणजे नाटक अजून स्वामित्वहक्काखाली आहे. अनुवाद आणि प्रयोग दोन्हींची लेखी परवानगी तालमीआधी घ्या, आणि संहिता रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाकडे पाठवायला वेळ हाताशी ठेवा.

शेवटच्या क्षणाबद्दल तुम्ही विचारलं नव्हतं, तरी सांगते. प्रॉक्टरला नेलं जातं, हेल एलिझाबेथपुढे गुडघे टेकून विनवतो, अजून वेळ आहे, जा, त्याला अडव. ती खिडकीचे गज धरून उभी राहते. बाहेर नगारा वाजत असतो. त्याचा चांगुलपणा आता त्याचा आहे, तो मी काढून घेणार नाही, असं ती म्हणते. आमच्या प्रकाशयोजनाकाराने तिथे निळसर पहाट ठेवली होती, दुःखाची. संहितेत मात्र उगवतं ऊन तिच्या चेहऱ्यावर पडतं. दुसऱ्या प्रयोगापासून आम्ही एक पिवळा दिवा खिडकीबाहेर खाली लावला आणि नगारा थांबल्यावरही तो तीन सेकंद तसाच ठेवला.